लाल दिवा आणि फ्रीजपुढच्या चपला

३ फेब्रुवारी, मंगळवार

डबा घरी आला! ‘डबा’ हा बाबांचा शब्द. कागदोपत्री त्याचं नाव ‘घरगुती वाहन-चार्जर’. तीन वर्षं खपून मी तो तयार केला आणि बाबांनी एका शब्दात त्याचं बारसं उरकलं.

बारा ओळखीच्या घरांत बारा डबे लावायचे, महिनाभर गाड्या घरीच चार्ज करून बघायच्या, असं ऑफिसात ठरलंय. बारातलं एक घर आमचं. ऑफिसची गाडी महिनाभर माझ्याकडे. साहेब म्हणाले, “तुमच्या घरी तर काळजीच नाही. वडील वायरमन!” मीही ऐटीत मान डोलावली.

बाबांनी डबा स्वतः भिंतीवर बसवला. चाळीस वर्षं लोकांच्या घरांत वायरिंग केलेला माणूस, त्याला कोण अडवणार? मला स्क्रू धरायला दिले. चौतीस वर्षांची इंजिनिअर, डब्याची जन्मदाती — आणि काम काय, तर स्क्रू धरा! लेव्हल तीनदा लावून पाहिली. मग आईला बाहेर बोलावलं, घसा खाकरला, स्विच दाबला.

लाल दिवा.

बाबा म्हणाले, “तुझा डबा बिघडलाय.”

४ फेब्रुवारी

डबा बिघडलेला नाही. खाली उतरवून माझ्या टेबलावर आणला, उघडला, सगळा तपासला. ठणठणीत आहे.

तपासताना चिडचिड झाली ती वेगळीच. टेबलावर माझा तो काळा पत्रा आहे ना — फूटभर चौकोनी, दगडासारखा जड, सातवीत असल्यापासून त्याच्यावर सोल्डरिंग करते. त्याच्यावर स्क्रूंसाठी चुंबकाची वाटी ठेवली की सरकते! बाकी कुठल्याही लोखंडाला घट्ट चिकटते, इथे मात्र घसरगुंडी. आठवीत मी त्याला काळा ऑइलपेंट फासला होता, दोन-तीन हात. तो थर जाड असणार. आज वाटी पुन्हा पडली. अकरा स्क्रू जमिनीवर. एक गडगडत थेट फ्रीजखाली.

मी अनवाणीच वाकले तर आई ओरडली, “अगं, चपला!”

खरंच की. विसरलेच होते. आमच्याकडे फ्रीजला हात लावायचा तर पायात रबरी चपला पाहिजेत. एक जोड कायम फ्रीजपुढे ठेवलेला असतो, निळा. फ्रीज चावतो. आधीचा चावायचा, हाही चावतो. पाहुण्यांना आम्ही आधीच सांगतो. चपला घातल्या, स्क्रू काढला.

डबा परत भिंतीवर. परत लाल.

६ फेब्रुवारी

इथे एकदा लिहून ठेवते, म्हणजे उद्या साहेबांसमोर तोंडातून नीट निघेल.

गाडी रबरी चाकांवर उभी. चार्जिंग चालू असताना आत कुठे तार सुटली आणि पत्र्याला टेकली, तर अख्खी गाडी जिवंत होते. बाहेरून काही कळत नाही. मग जमिनीवर उभा असलेला कोणीतरी दाराला हात लावतो. ती वीज त्या माणसातून जाऊ नये, सरळ जमिनीत जावी, म्हणून अर्थिंग. माझा डबा सगळ्यात आधी तेवढंच बघतो — ह्या घराची अर्थची तार खरंच जमिनीत पोचलीय का? पोचली असेल तर हिरवा दिवा, घ्या वीज. नसेल तर लाल, आणि वीज अजिबात नाही. लाडीगोडी चालत नाही.

डब्यात दुसरं काही शहाणं असेल-नसेल, एवढी एक गोष्ट शहाणी आहे. ती मी केलीय.

आणि आमच्या घरी तो लाल! वायरमनच्या घरी!

९ फेब्रुवारी, सोमवार

बारापैकी सात घरं लाल. सात!

मीटिंग झाली. साहेबांनी कपाळाला हात लावला. “लोकांना लाल दिवा दिसला की त्यांना वाटतं चार्जर खराब. ते तुमचं अर्थिंग-बिर्थिंग त्यांना कळत नाही. परत पाठवतील!”

डब्याचं रूप ठरवणारी आमची रंगवाली म्हणाली, “लालच्या ऐवजी प्रसन्न नारिंगी करू या का?” प्रसन्न नारिंगी! मी म्हटलं, हो, आणि शॉक बसला की मंद संगीत लावू. कोणी हसलं नाही.

साहेब म्हणाले, “तुमचा डबा फार संशयी आहे.”

“संशयी नाही, सावध आहे.”

“तुमच्या स्वतःच्या घरी लाल आहे. वायरिंग कोणी केलंय? तुमच्या वडिलांनी. ते काय म्हणतात?”

काय सांगणार? बाबा काय म्हणतात ते अख्ख्या गल्लीला पाठ झालंय.

निकाल असा — २७ तारखेच्या बैठकीपर्यंत निदान एका लाल घरात मी दाखवून द्यायचं की चूक घराची आहे, डब्याची नाही. बाकी सहा घरांत वाव नाही. कुठे घरमालक हात लावू देत नाही, कुठे चौथा मजला. राहिलं आमचं. दाखवता आलं नाही तर तपासणी बंद. दिवा पिवळा लागेल आणि वीज सरळ चालू होईल. त्या कागदावर सही माझी.

“मी सही करणार नाही,” मी म्हटलं.

“मग दुसरं कोणीतरी करेल,” साहेब म्हणाले. रागाने नाही. त्याचाच जास्त राग आला.

१० फेब्रुवारी

बाबांना म्हटलं, अंगणातला अर्थिंगचा खड्डा उघडून पाहू या.

नको ते बोलून बसले! बाबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. “तो खड्डा मी स्वतः खणलाय. तू आठ दिवसांची होतीस. आई तुला मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. अस्सल तांब्याची प्लेट, फूटभर चौकोनी. खाली कोळसा, वर मीठ. मी लावलेल्या प्रत्येक प्लेटवर तारीख ठोकायचो. खिळ्याने, ठिपक्या-ठिपक्यांची. का? उद्या कोणी विचारलं तर मी शब्द फिरवणारा नाही म्हणून! त्या प्लेटवर संशय म्हणजे माझ्यावर संशय.”

मी म्हटलं, संशय डबा घेतोय, मी नाही.

“डब्याला जन्म कोणी दिला?”

आई आतून म्हणाली, “आणि तिला?”

११ फेब्रुवारी

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. डब्याशी बोलतात. सकाळी अंगणात त्याच्यापुढे हात मागे बांधून उभे — “काय साहेब? आज कोणाची खोड काढणार?”

१२ फेब्रुवारी

ऑफिसातून अर्थिंग मोजायचं मीटर पिशवीत घालून आणलं. चोरासारखं, स्वतःच्या घरी! बाबा संध्याकाळी फिरायला गेले की पाऊण तास येत नाहीत. आईला फाटकाशी उभं केलं. ती उगाचच तिथलं झाडत राहिली.

ह्या मीटरसाठी अंगणात दोन ठिकाणी लोखंडी खुंट्या ठोकाव्या लागतात, तारा पसरायच्या, मग आकडा दिसतो. दुसरी खुंटी ठोकत होते तेवढ्यात आईचा खोकला. ठरलेली खूण. बाबा चष्मा विसरले होते!

मीटर ओढणीखाली, आणि मी खुंटीवरच बसकण मारली.

“काय चाललंय?”

“ऊन खातेय.”

“सूर्य बुडाला,” बाबा म्हणाले. चष्मा घेतला, गेले. खुंटी अजून ठणकतेय. म्हणजे जिथे लागली ती जागा.

आकडा — नाहीच! मीटर मोजू शकतं त्याच्याही पलीकडे. तारा बदलून तीनदा मोजलं. आमच्या घराची अर्थची तार जमिनीत जाते आणि तिथे तिला कोणी भेटतच नाही.

पण हे बाबांना दाखवू कसं? त्यांच्या नकळत मोजलं, हे आधी सांगावं लागेल. त्यापेक्षा खुंटीवर परत बसलेली बरी.

१४ फेब्रुवारी, शनिवार

हिरवा!!!

सकाळी उठून बघते तर हिरवागार दिवा. गाडीत वीज जातेय. बाबा पायरीवर पेपर वाचत बसलेले. पेपर उलटा नव्हता एवढंच. चेहरा अगदी निष्पाप.

आनंद दोन मिनिटं टिकला. काल लाल, आज हिरवा, मध्ये कोणी काही केलं नाही — म्हणजे डबाच चुकतोय? तीन वर्षं मी काय केलं मग? त्यात साहेबांचा फोन. माझ्या तोंडून खरं निघून गेलं. ते खूश! “बघा, मी म्हणत होतो. डबा चंचल आहे.”

दुपारी तीन वाजता परत लाल.

चारला आई स्वयंपाकघरातून, “मिठाची अख्खी पिशवी गेली कुठे? परवाच तर आणली!”

मी अंगणात गेले. खड्ड्याच्या जागी चिखल. बादली पालथी. बादलीच्या कडेला पांढरं मीठ वाळलेलं.

बाबा म्हणाले, “अर्थिंगला पाणी घालायचं असतं. मिठाचं. एवढं शिकवत नाहीत तुमच्या कॉलेजात?”

“किती बादल्या घातल्या?”

“मोजल्या नाहीत.”

“बाबा, किती?”

“बावीस,” म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनाही कळलं असणार. चांगल्या प्लेटला दोन बादल्या पुरतात. त्यांनीच मला शिकवलंय ते, शाळेत असताना. बादली उचलून आत गेले. मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

१५ फेब्रुवारी

भाजीत मीठ नाही. आई म्हणाली, “अंगणात जाऊन जेवा.”

१८ फेब्रुवारी, बुधवार

आजचं सगळं लिहायलाच हवं.

साहेब स्वतः घरी आले. चंचल डबा डोळ्यांनी बघायला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. साहेबांनी डब्याकडे पाहिलं, बाबांशी हात मिळवला, “तुमच्यासारख्या अनुभवी माणसाच्या घरी हा लाल दाखवतो, ह्यातच सगळं आलं.” मला वाटलं होतं, आता बाबा टाळी देतील. दिली नाही.

साहेबांना तहान लागली. आई उठत होती तर साहेब म्हणाले, “बसा हो काकू, मी घेतो बाटली,” आणि निघाले फ्रीजकडे. मोजे घातलेले.

आई म्हणाली, “चपला घाला हं. त्या निळ्या.”

“का?”

“फ्रीज चावतो.”

हे वाक्य मी आयुष्यात हजारदा ऐकलंय. मी स्वतः बोललेय. आज साहेबांच्या पायात त्या निळ्या चपला जाताना पाहिल्या आणि ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. फ्रीज चावतो म्हणजे काय? फ्रीजच्या पत्र्यावर आलेली वीज जमिनीत जात नाही, वाट बघत बसते, हात लावणाऱ्यातून जाते. का जात नाही? घराला अर्थिंग नाही म्हणून! मी तीन वर्षं बसून जे ओळखणारं यंत्र बनवलं, ते माझ्या आईने एक चपलांचा जोड ठेवून केव्हाच ओळखलं होतं. आणि मी — इंजिनिअर! — चपला घालून स्क्रू काढला आणि निघून आले.

बाबांकडे पाहिलं. ते चपलांकडे पाहत होते. त्यांचाही रंग उडालेला.

आणि साहेब? बाटली घेऊन मजेत परत आले. “आमचा गीझर चावतो. आम्ही लाकडी फळीवर उभं राहून नळ सोडतो. सवय होते!” पाणी प्यायले, डब्याला टिचकी मारली, २७ तारखेची आठवण करून दिली आणि गेले.

बाबा उठले, अनवाणी फ्रीजपाशी गेले आणि उलटा हात दाराला लावला. झटकन मागे घेतला. पुन्हा लावला.

“बाबा, पुरे.”

“फावडं कुठेय?” म्हणाले.

२० फेब्रुवारी

काल फावडं मिळालं नाही. आईने लपवलं होतं. “ह्या वयात खणायला निघालेत!” शेवटी शेजारचा गवंडी आला. तो खणणार, बाबा वर उभे राहून सांगणार. दर दहा मिनिटांनी बाबा — “हळू! खाली प्लेट आहे!” गवंडी म्हणाला, “काका, प्लेट आहे का काच?”

२१ फेब्रुवारी, शनिवार

छातीइतक्या खोलीवर तार सापडली. घराकडून सरळ येते, दोन वीत पुढे जाते आणि संपते. फावड्याने तोडलेली, स्वच्छ. शेजारून सांडपाण्याची नळी गेलीय.

बाबांनी तारेचं ते टोक हातात धरलं. “ही नळी कधी टाकली?”

आई म्हणाली, “ही सातवीत होती तेव्हा. तुम्ही तीन महिने बाहेरगावी, त्या कारखान्याच्या कामावर. नळी टाकणाऱ्या त्या दोघांनी मला विचारलं, बाई इकडून नेऊ का नळी? मी म्हटलं, न्या. मला काय माहीत खाली काय पुरलंय! एरवी तर तुम्ही सांगत नाही काही.”

गवंड्याने आजूबाजूला, खाली, आणखी हातभर खणलं. कोळसा सापडला. प्लेट नाही. गायब!

बाबा म्हणाले, “चोरली. तांबं बघून चोरली त्यांनी.”

आई म्हणाली, “चोर वाटत नव्हते हो. चहासुद्धा नको म्हणाले.”

“चोर चहा घेत नाहीत!” मी म्हटलं. मलाही त्या दोघांचा भयंकर राग आला होता. तांब्याच्या एका तुकड्यासाठी बावीस वर्षं आमच्या जिवाशी खेळ.

२२ फेब्रुवारी

मला वाटलं होतं बाबा आता सुटले. प्लेट त्यांनी लावली होती, तोडली दुसऱ्यांनी. त्यांचा काय दोष? तसं म्हणाले मी त्यांना.

ते पायरीवर बसले होते. तुटलेल्या तारेची गुंडाळी करत होते. म्हणाले, “लोकांच्या घरी दरवर्षी मोजायला सांगायचो. स्वतःच्या घरी बावीस वर्षांत एकदा मोजलं नाही. का? मी लावलंय म्हणून.” मग म्हणाले, “तू लहान होतीस तेव्हा फ्रीज चावतो म्हणून रडत यायचीस. मी सांगायचो, ओल्या हाताने कशाला उघडतेस.”

बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. शेवटी मी खुंटीवर बसले होते ते सांगून टाकलं. आधी त्यांना कळेचना. मग एवढे हसले की आई बाहेर आली.

२४ फेब्रुवारी

अर्थिंगची नवी दांडी जमिनीत ठोकली. बाबा बाजूला सरकले आणि मला म्हणाले, “मोज.”

मोजलं. उत्तम आकडा.

“परत मोज.”

तीनदा मोजायला लावलं. मग डबा चालू केला. हिरवा. बाबांनी डब्याला हळूच थोपटलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

फ्रीज आता चावत नाही. आई मात्र चपला घालूनच उघडते. म्हणते, “त्याचा काय भरवसा!”

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बैठक! बाबांना बरोबर नेलं. खरं म्हणजे ते सकाळी तयार होऊन गाडीत बसलेच होते, हातात त्या तारेची गुंडाळी.

मी आकडे दाखवले, फोटो दाखवले. साहेब म्हणाले, “ठीक आहे, पण हे एका घराचं झालं—” तेवढ्यात बाबा उठले. मी ओढणी चावत बसले होते.

बाबा म्हणाले, “मी वायरमन. चाळीस वर्षं. माझ्या घरात बावीस वर्षं अर्थिंग नव्हतं. मला कळलं नाही. माझी मुलगी इंजिनिअर, तिला कळलं नाही. आम्ही चपला घालून फ्रीज उघडत होतो आणि त्याला घराची रीत म्हणत होतो. ह्या डब्याला पहिल्या दिवशी पहिल्या मिनिटाला कळलं. मी त्याला बिघडलेला म्हटलं.” तार टेबलावर ठेवली. “बिघडलेला मी होतो. लाल दिवा काढू नका.”

मला रडू येणार होतं, पण तेवढ्यात रंगवाली हळूच म्हणाली, “आमच्याकडे वॉशिंग मशीनचं झाकण लाटण्याने उघडतात.”

हिशेबनीस म्हणाले, “आमचा मिक्सर फक्त मोठी सून लावते. तिला चावत नाही.”

“आमच्याकडे पंप चालू असताना नळाला हात लावायचा नाही.”

“आम्ही टीव्ही टॉवेलने पुसतो. कोरड्या. एका हाताने. दुसरा हात खिशात.”

एकेकाच्या घरची रीत बाहेर पडायला लागली! सगळे हसत होते आणि हसता हसता एकमेकांकडे जरा घाबरून बघत होते. लाल सात घरांतली पाच घरं ह्याच टेबलाभोवती बसलेली होती. साहेब एकटे हसत नव्हते. त्यांना ती लाकडी फळी दिसत असणार. त्यांची धाकटी मुलगी सहा वर्षांची आहे.

साहेब म्हणाले, “लाल लालच राहील.” मग आवाज खाली आणून बाबांना, “काका, उद्या सकाळी आमच्याकडे येता का?”

तपासणी राहिली! डबा राहिला! घरी येताना गाडी बाबांनी चालवली. मी चालवू दिली.

१ मार्च

बाबा उरलेल्या सहाही लाल घरांना मीटर घेऊन निघालेत. त्याशिवाय जुनी वही काढलीय, त्यांनी स्वतः वायरिंग केलेल्या घरांची. “लावलं ते लावलं. आता मोजून येतो.” माझं मीटर परत मिळायची आशा सोडली.

ऑफिससाठी अहवाल लिहिला. ‘प्लेट नळी टाकणाऱ्यांनी चोरून नेली असावी.’

५ मार्च, गुरुवार

चुंबकाची वाटी आज परत घसरली. वैतागून स्क्रूड्रायव्हर आपटला तर पत्र्याच्या काळ्या रंगाचा टवका उडाला. खाली लाल. तांबं! लोखंडच नव्हे ते, म्हणून चुंबक धरत नव्हतं.

खरवडत गेले. मधोमध बारीक खड्ड्यांची ओळ निघाली. सातवीत, पत्रा मातीने काळपट पडलेला होता तेव्हा, मी त्यांत सोल्डरचे मणी बसवले होते, गंमत म्हणून. चांदीसारखे मणी, तांबड्या पत्र्यावर, आणि त्यांतून एक तारीख. माझ्या जन्मानंतरचा आठवा दिवस.

आईला हाक मारली. ती म्हणाली, “हा तर त्या नळीवाल्यांनी दिलेला पत्रा. मातीत सापडला म्हणून आणून दिला बिचाऱ्यांनी. तू टेबल जाळत होतीस, म्हणून धुऊन तुला दिला. का गं?”

बाबा आले. त्यांनी पत्रा उचलला, तारखेवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, अहवाल बदलते. आणि ही प्लेट परत खड्ड्यात पुरू या.

“नको,” बाबा म्हणाले. “डबा हिच्यावरच केलास ना? मग बावीस वर्षं ती कामावरच आहे.”